मांजराचा चष्मा

"काळी छत्री," तो म्हणाला.

खिडकी नंबर दोनमागच्या मुलीने मान वर न करताच विचारलं, "आणखी काही?"

"नाही, एवढीच हरवलीय."

"तसं नव्हे हो. आणखी काही खूण? आत काळ्या छत्र्या एवढ्या आहेत, की सगळ्या एकदम उघडल्या तर छप्पर उडून जाईल."

तो हसला, आणि तेव्हा तिने मान वर केली. बाहेर सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. ज्याची छत्री हरवलीय तो माणूस जेवढा भिजायला हवा तेवढा भिजून आला होता. केस कपाळाला चिकटलेले, चष्म्याच्या काठावर एक थेंब लोंबकळत होता. तो आता पडेल, मग पडेल म्हणून ती बघत राहिली... आणि आपण बघतोय हे त्याने बघितलंय, असं लक्षात येताच घाईघाईने की-बोर्डकडे वळली.

"दांड्यावर दात उमटलेत," तो म्हणाला.

"तुमचे?"

"भाचीचे. दीड वर्षाची होती तेव्हा. घरात खायला सगळं होतं, पण तिला दांडाच आवडायचा."

शहरभरच्या बसगाड्यांमध्ये लोक जे जे विसरून उतरतात, ते सगळं रोज या तळघरात येऊन पडतं. इथे दोन खिडक्या. नंबर एकवर काका – ड्रायव्हर-कंडक्टर लोकांनी आणलेल्या वस्तू उतरवून घ्यायच्या आणि मशीनमध्ये त्यांची नोंद करायची, हे त्यांचं काम. नंबर दोनवर ती – मालक आला की त्याची वस्तू त्याला द्यायची. आता, 'द्यायची' म्हणणं सोपं आहे. आधी मशीनला विचारायचं, अशी वस्तू आपल्याकडे आहे का? 'आहे' म्हणालं तर आत रॅकवर जाऊन हुडकायचं. 'नाही' म्हणालं तर समोरच्याचा चेहरा उतरताना बघत फॉर्म पुढे सरकवायचा. चार वर्षं ती हेच करत होती. पगाराच्या कागदावर तिचं नाव होतंच, पण अख्ख्या इमारतीत तिला सगळे 'खिडकी नंबर दोन' म्हणत, आणि आताशा फोन उचलल्यावर तीही तेच सांगायची.

तिने टाइप केलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं... फिरतच राहिलं. रांगेतली माणसं या पायावरचा भार त्या पायावर टाकू लागली. अखेर पडद्यावर शब्द उमटला – 'आहे'.

"दोन मिनिटं दहा सेकंद," तो म्हणाला.

"घड्याळ लावून उभे होतात की काय?"

"सवय आहे. एवढा वेळ काय करत होतं ते?"

"शोधत होतं. दुसरं काय करणार?"

"शोधत नव्हतं. मोजत होतं." त्याने काचेतून बोट दाखवलं. "कोपऱ्यात बघा. काळी छत्री – अकरा हजार चारशे सहा. नऊ वर्षांतल्या सगळ्या एकेक करून मोजल्या त्याने. आणि मला हवी होती एक."

चार वर्षांत त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे तिचं कधी लक्षच गेलं नव्हतं, आणि ते एका ओल्याचिंब माणसाने दाखवावं याचा तिला राग आला. ती आत गेली. छत्री तिसऱ्या रॅकवरच मिळाली. दांड्यावर खरंच चार इवलेसे दात होते. कुणी बघत नाही असं पाहून तिने त्यांच्यावरून अंगठा फिरवला, मग बाहेर येऊन कोरडेपणाने म्हणाली, "इथे सही करा."

"मी पाचव्या मजल्यावर असतो," सही करता करता तो म्हणाला, कुणीही विचारलेलं नसताना. "कालपासून."

"मग लिफ्टने जा. ओले बूट घेऊन जिना चढलात तर झाडणाऱ्या मावशी तुम्हाला सहाव्यावर पोचवतील."

"इमारत तर पाचच मजल्यांची आहे."

"म्हणूनच म्हणतेय."

तो गेला. काकांनी खिडकी नंबर एकमधून मान लांब करून विचारलं, "कोण गं तो?"

"पाचवा मजला," ती म्हणाली, आणि त्याचं तेच नाव पडलं.

पाचवा मजला म्हणजे संगणकवाले. ही मंडळी खाली कधी उतरत नाहीत. म्हणून सोमवारी तो लॅपटॉप काखेत मारून तळघरात अवतरला तेव्हा काकांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. झालं होतं ते असं – त्याने वर जाऊन 'खालचा शोध फार हळू आहे' अशी तक्रार केली होती, आणि नव्या माणसाची पहिली तक्रार साहेबांनी त्याच्याच गळ्यात मारली होती. तीन आठवड्यांची मुदत. तिच्या टेबलाशेजारी एक उंच स्टूल होतं, त्यावर तो बसला. स्टूल डुगडुगत होतं. तिने एक जुना फॉर्म चार वेळा दुमडून पायाखाली सारला आणि म्हणाली, "पडू नका. पडलेल्या वस्तू काकांच्या खिडकीत जातात."

"आणि मालक आला नाही तर?"

"नव्वद दिवस ठेवतो. मग लिलाव. नोंद तेवढी मशीनमध्ये राहते."

तिसऱ्या दिवशी त्याने तिला मशीनचा रोग समजावून सांगितला.

"समजा, घरात मीठ आहे का असं कुणी विचारलं, तर तुम्ही काय करता?"

"डबा उघडून बघते."

"दाणे मोजता?"

"वेळ असेल तर," ती गंभीरपणे म्हणाली.

तो एवढा हसला की त्याचे कान लाल झाले. "याला कुणीतरी तेच शिकवून ठेवलंय. आधी सगळे मोज, मग आकडा शून्याहून मोठा आहे का बघ, मग 'आहे' म्हण. खरं तर पहिली छत्री दिसली की तिथेच थांबायचं! पुढचं बघायचंच कशाला?"

"आणि एकही दिसली नाही तर?"

"मग शेवटपर्यंत जावं लागतं. 'आहे' म्हणायला एक पुरते. 'नाही' म्हणायला सगळं बघावं लागतं."

रांग नव्हती. वरच्या रस्त्यावरून बस गेली की तळघराची काच हलायची, तशी ती हलली.

"ती दोन मिनिटं काही इतकी वाईट नव्हती हो," ती म्हणाली. "तेवढा वेळ माणसाला वाटत असतं... असेल. मागे एक आजोबा आले होते. बायकोची पर्स हरवली होती – बायको गेलेली होती, पर्सच राहिली होती. 'नाही' आलं. तर म्हणाले, पोरी, पुन्हा एकदा फिरव ना ते चक्र."

"फिरवलंत?"

"तीनदा."

त्या दिवशी उरलेला वेळ त्याची बोटं की-बोर्डवर नुसती ठेवलेली होती, आणि ती तिकडे न बघता ते बघत होती.

असे दिवस भराभर जातात. तो सकाळी चहाचे दोन कप घेऊन उतरायचा. तिचा कप न विचारता डावीकडे ठेवायचा, कारण उजवीकडे तिचा हात फिरायचा. एकदा टेबलाखाली दोघांचे गुडघे टेकले. तिने पाय काढून घेतला नाही. त्यानेही नाही. लक्षातच आलं नसल्याचं दोघांनी असं काही नाटक केलं, की त्या दिवशी त्याने लिहिलेल्या ओळी त्यालाच दुसऱ्या दिवशी पुसाव्या लागल्या. काका नाकावर चष्मा ओढून वर्तमानपत्र वाचायचे. पान मात्र उलटत नसत.

तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी काम संपलं. छत्री, डबा, पाकीट, काहीही विचारा – बोट उचलायच्या आत उत्तर. रांगा नाहीशा झाल्या. लोक तिचे आभार मानून जाऊ लागले, जणू तिनेच काही केलंय.

"एक राहिलंय," लॅपटॉप मिटताना तो म्हणाला. "यादीत नसलेली वस्तू असली की तुम्ही 'इतर' म्हणून वर्णन टाकता ना, तो शोध अजून हळू आहे. वस्तू सापडली तर ठीक, नसली तर त्याला नऊ वर्षं पालथी घालावी लागतात. पण असं कितीदा होतं? महिन्यातून एकदा. मी घंटी लावून ठेवलीय. शोध एक मिनिटाच्या वर गेला की माझ्या टेबलावर वाजेल, आणि मी खाली येईन."

"एक मिनिटाच्या वर," ती म्हणाली.

"हो."

"ठीक आहे."

दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं. दोघांनाही ते कळत होतं. तो दारापर्यंत गेला, वळला, "स्टुलाचा तो कागद काढू नका," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मग मात्र तिच्या लक्षात आलं, की तळघर फार मोठं आहे. नऊ ते साडेपाच म्हणजे किती तास होतात, हे तिला चार वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. काकांनी रिकाम्या स्टुलावर स्वेटरचं एक गाठोडं ठेवलं, ते तिने उचलून खाली ठेवलं. काकांनी पुन्हा ठेवलं, तिने पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा काका म्हणाले, "बरं बाई, बसू दे तुझ्या पाहुण्याला," आणि गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

दहाव्या दिवशी बाहुल्यांचे खेळ करणारा एक माणूस आला. त्याच्या राणीचा उजवा हात बसमध्ये पडला होता. तिने 'इतर'मध्ये लिहिलं – बाहुलीचा हात. चक्र फिरायला लागलं. पन्नास सेकंद... साठ... सत्तर. 'नाही.' तिने फॉर्म दिला, माणूस गेला, आणि जिन्यावरून धडधड असा आवाज आला. तो दारात उभा होता. लिफ्टची वाट न बघता पाच मजले उतरल्यामुळे धापा टाकत होता.

"काय... काय हरवलं?"

"राणीचा हात."

"अरेरे," तो म्हणाला, पण चेहरा असा काही फुलला होता की राणीने पाहिलं असतं तर तिला वाईट वाटलं असतं.

तो अर्धा तास थांबला. मशीनकडे त्याने पाच मिनिटंही पाहिलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना एक कल्पना तिच्या डोक्यात शिरली आणि काही केल्या निघेना. दुसऱ्या दिवशी काका जेवायला गेल्यावर तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि 'इतर'मध्ये लिहिलं – काचेची शिडी. ही पहिली चोरी. तिने बटण दाबलं. एकाहत्तर सेकंद. जिना धडधडला.

"आज काय?"

"काचेची शिडी," ती म्हणाली. "एक उंच बाई आल्या होत्या. बसमध्ये शिडी राहिली म्हणाल्या."

"काचेची शिडी बसमध्ये न्यायला परवानगी आहे?"

"उभी न्यायची असेल तर."

मग काय, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. रोज केलं तर संशय येईल, आणि आठवड्यातून एकदाच केलं तर जीव जाईल, असा साधा विचार. तीन बाह्यांचा स्वेटर. डाव्या पायाचे दोन बूट. अर्धं टेबल. तो येऊन स्टुलावर बसायचा, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून चौकशी करायचा, आणि ती डोळ्यांतलं हसू आवरत एकेक मालक रचून सांगायची.

"मांजराचा चष्मा," एका मंगळवारी ती म्हणाली.

"जवळचा की लांबचा?"

"लांबचा. उंदीर जवळ आला की दिसतो त्याला. लांबूनच दिसत नाही."

"गरीब बिचारं. आणि फ्रेम?"

"तुमच्यासारखीच," ती म्हणाली आणि लगेच कागद आवरायला लागली, कारण तो हसत नव्हता, नुसता बघत होता.

"आजकाल लोक फार अजब वस्तू हरवायला लागलेत," काका वर्तमानपत्रामागून म्हणाले.

असे पाच आठवडे गेले. आणि मग एक शुक्रवार आला. त्या दिवशी तिला काही सुचेना. शिडी नको, स्वेटर नको, थट्टाच नको असं वाटत होतं. सारखं आपणच बोलवायचं... हरवलेल्या खोट्या वस्तूंच्या नावाने. एकदा तरी त्याने आपणहून यावं. घंटी नुसती वाजते, आपण काय लिहितो ते वर कुणाला दिसतंय? या समजुतीवर तिने, जे मनात होतं तेच लिहिलं – न बोलावता खाली येईल असा माणूस.

बहात्तर सेकंदांनी उत्तर आलं. 'नाही.'

या वेळी जिना धडधडला नाही. तो हळूहळू उतरून आला. दारातच थांबला.

"काय हरवलं?" त्याने विचारलं. आवाज वेगळाच होता.

"लाल तंबू," ती म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हलले सुद्धा. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "बघतो." स्टुलावर न बसताच तो परत गेला.

सोमवारी सकाळी तिने घाबरत घाबरत 'इतर'मध्ये लिहिलं – पिवळा ढोल. शेवटचं अक्षर पडतंय तोच उत्तर आलं. 'नाही.' तिला वाटलं, काहीतरी चुकलं. दगडी उशी. 'नाही.' तीन काट्यांचं घड्याळ, त्याला उलटे काटे. 'नाही.' पापणी लवायच्या आत, दर वेळी. चक्र फिरतच नव्हतं. घंटी वाजायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिटच कुणीतरी काढून घेतलं होतं. कुणीतरी कशाला, त्यानेच. दुसऱ्या कुणाला ते येतंय?

तो त्या दिवशी आला नाही. मंगळवारी नाही, शुक्रवारीही नाही. त्याला कळलं असणार, तिने स्वतःला समजावलं, आपण उगाच बोलवतो हे त्याच्या लक्षात आलं असणार, आणि सभ्य माणूस आहे म्हणून त्याने तोंडावर काही न बोलता दार लावून घेतलं. एवढं सरळ आहे. एवढं सरळ असूनही ती दिवसातून चार-पाचदा काहीबाही टाइप करून बघायची, आणि तो 'नाही' झटकन अंगावर यायचा.

तिचे बाबा बस चालवायचे, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. घरात दोघंच. रविवारी जेवताना त्यांनी तिच्या ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काय गं, जेवण आवडलं नाही की जेवण करणारा?"

"भूक नाही, बाबा."

"गेल्या आठवड्यापासून नाही. कोण आहे?"

"कुणी नाही."

"बरं, कुणी नाही." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "मी तेहतीस वर्षं गाडी चालवली. थांब्यावर माणसं उभी असायची. कुणी हात करायचं, त्याच्यासाठी थांबायचो. कुणी नुसतंच डोळे लावून बघत राहायचं. पुढे गेलो की आरशात दिसायचं, मागून पाय आपटतंय! त्याला वाटायचं, ड्रायव्हरला कळायला हवं. अगं, ड्रायव्हरला काय कळतं? त्याचं लक्ष रस्त्यावर."

"मी केला होता हात," ती ताटाकडे बघत म्हणाली.

"सरळ केला होतास? की डोकं खाजवत असल्यासारखा?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. बाबांनी आपल्या ताटातला मऊ घास तिच्या ताटात ठेवला.

मंगळवारी दुपारी काका वरून एक कागद घेऊन आले. "नवा अहवाल सुरू केलाय म्हणे. 'उत्तर न मिळालेले शोध'. खिडकी नंबर दोन, गेले दोन महिने. वाचून दाखवतो, तू सही कर." आणि ते आपल्या सपाट आवाजात वाचू लागले, "बाहुलीचा हात – नाही. काचेची शिडी – नाही. तीन बाह्यांचा स्वेटर... मांजराचा चष्मा..." काकांची भुवई वर गेली, पण आवाज तसाच. "अर्धं टेबल – नाही. न बोला..."

काका थांबले. त्यांनी उरलेली ओळ मनातच वाचली. मग कागदाची घडी घातली आणि तिच्यासमोर ठेवली.

"पुढचं तूच वाच, बाळ. मला आज नीट दिसत नाहीये."

तिच्या कानांतून वाफा निघत होत्या. त्या शुक्रवारपर्यंतच्या प्रत्येक ओळीपुढे तारीख, वेळ, लागलेले सेकंद, आणि शेवटच्या रकान्यात तेच दोन शब्द – 'पडद्यावर पाहिले'. म्हणजे घंटी नुसती वाजत नव्हती. घंटीबरोबर तिने लिहिलेला शब्दन् शब्द त्याच्यासमोर उमटत होता. काचेची शिडी त्याने वाचली होती. तो शुक्रवारही वाचला होता. आणि ते वाचून खाली आला होता, आणि तिने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं – लाल तंबू!

"आणखी एक आहे," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून येण्यापेक्षा मीच सांगतो. त्याची बदली झालीय. लांबच्या शाखेत. गुरुवारी सकाळी निघतोय."

साडेपाचला तिने खिडकीचं शटर ओढलं. चार वर्षांत ती तळमजल्याच्या वर कधी गेली नव्हती. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकून पडली होती. ती जिना चढली. दुसऱ्या मजल्यापर्यंत लाज होती, तिसऱ्यावर तिचा राग झाला, आणि चौथ्यापासून नुसती धाप उरली.

पाचव्या मजल्यावर एक लांब खोली होती. कानांत इयरफोनची बोंडं घातलेली सहा-सात माणसं पडद्यांकडे बघत बसलेली, आणि टोकाच्या खिडकीशी तो, एका खोक्यात टेबलावरचं सामान भरत होता. तिला पाहून हातातला कप तसाच धरून उभा राहिला.

"मी तुम्हाला लाल तंबू सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हा तुमच्यासमोर काय लिहिलेलं होतं?"

"दुसरं," तो म्हणाला.

"आणि काचेची शिडी?"

"काचेची शिडी."

"म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"पहिल्या दिवशी संशय होता. मांजराच्या चष्म्याला खात्री झाली."

खोलीतल्या एका की-बोर्डचा आवाज थांबला. मग दुसऱ्याचा.

"आणि तरी पाच जिने उतरून येत होतात! तोंड एवढंसं करून विचारत होतात, जवळचा की लांबचा!"

"तुम्ही काय सांगता ते ऐकायचं असायचं मला." त्याने कप खाली ठेवला. "खरं सांगू? त्या वर्णनातल्या शब्दांची एक सूची करून ठेवली की झालं, मशीनला नऊ वर्षं चाळावी लागत नाहीत. एका दिवसाचं काम. पहिल्याच आठवड्यात करता आलं असतं. मुद्दाम केलं नाही. म्हटलं, एवढा एक शोध हळू राहिला तर महिन्यातून एकदा तरी खाली जायला मिळेल. तुम्ही आठवड्यातून दोनदा बोलवायला लागलात... मी तर लिफ्ट वापरायचंच सोडून दिलं."

तिला हसू येत होतं, पण ते रागाच्या खाली दबलं होतं. "मग आता का केलंत?"

"त्या शुक्रवारमुळे. बाकीचं तुम्ही मला ऐकवायला लिहीत होतात. ते तसं नव्हतं. ते तुम्ही एकट्यानेच लिहिलं होतं, आणि मी वर बसून वाचलं. दुसऱ्याचं पत्र फोडल्यासारखं झालं. खाली आलो तो सांगायलाच आलो होतो... तुम्ही लाल तंबू म्हणालात आणि माझी जीभच उचलेना. मग शनिवारी इथे एकटा बसून ती सूची केली. यापुढे तरी तुमचं काही माझ्या हाती पडू नये म्हणून. आणि बदली मागितली."

"तुम्ही मागितलीत?"

"हो."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. "अकरा दिवस," ती म्हणाली, आणि आवाज फुटला. "अकरा दिवस मला वाटतंय की हे तुमचं उत्तर आहे. काहीही लिहिलं की – नाही. पुन्हा लिहिलं – नाही. थोडा वेळ तरी लावायचा!"

"ते मशीनचं उत्तर होतं हो."

"मग तुमचं कोणतं?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोला. पाच जिने चढून आलेय मी."

"तुम्ही मला आवडता," तो म्हणाला – एवढ्या मोठ्याने की दाराजवळच्या माणसाने कानातलं एक बोंड काढून हळूच खिशात टाकलं. "फार आवडता. अकरा दिवस मी त्या घंटीकडे बघत बसलोय. मीच बंद केलेल्या घंटीकडे."

खिडकीबाहेर पाऊस नुकताच थांबला होता. खाली चौकातून बसगाड्या वळत होत्या. तळघरात बसून तिने आजवर त्यांचा फक्त आवाज ऐकला होता, वरून त्यांची ओली छपरं ती पहिल्यांदा बघत होती. तिने डोळे पुसले.

"आता माझं ऐक. कागदावर वाचलंस ते सोडून दे, तोंडाने सांगते. मला तू हवा आहेस. स्टुलावर, शेजारी, चहा डावीकडे ठेवून. आणि तू चाललायस याचं मला इतकं वाईट वाटतंय की मला नीट उभंही राहता येत नाहीये."

'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिला कळलं नाही. त्याला कळलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही, म्हणून तोही उभा राहिला, जवळ, हात तिच्या हाताला लागेल न लागेल इतका जवळ... आणि मग तो लागलाच.

"रद्द नाही होणार?" तिने विचारलं.

"विचारलं आजच सकाळी. सहा महिने तरी नाही."

"सहा महिने."

"रात्रभराचा प्रवास आहे. तू बोलावशील तेव्हा येईन."

"न बोलावता यायचं," ती म्हणाली.

"न बोलावता येईन."

सहा महिने फार असतात. तळघरातल्या वस्तूसुद्धा नव्वद दिवसांपलीकडे कुणी ठेवत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण त्याचा अंगठा तिच्या बोटांवरून हळूहळू फिरत होता, आणि खोलीतल्या सगळ्या की-बोर्डांना एकाएकी फार काम आलं होतं.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "तू गुरुवारी सकाळी जाणार. म्हणजे दोनच संध्याकाळी आहेत आपल्याकडे, आणि त्यातली एक इथे उभ्याउभ्या संपत चाललीय."

त्याने सामानाचं खोकं तसंच अर्धवट टाकलं, टेबलावरचा दिवा मालवला आणि तिच्या आधी दाराशी जाऊन उभा राहिला.